छत्तीस नंबर

दंतवैद्यांच्या हिशेबात तोंडाचे चार भाग असतात. खालची डावी बाजू तिसरी. मधल्या रेषेपासून मोजत गेलं की सहावी येते ती पहिली मोठी दाढ, म्हणून तिचा नंबर ३६. डॉक्टरीणबाईंनी तो सरळ चेहऱ्यानं सांगितला, हसले मीच. माझा आणि या दाढेचा छत्तीसचा आकडा फार जुना.

ती येते सहाव्या वर्षाच्या आसपास. दुधाची एकही दाढ न पाडता, सगळ्यांच्या मागे, गुपचूप. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हीही दुधाचीच. ‘किडली तर किडू दे, पडायचीच आहे,’ असं आमच्या सोलापूरच्या घरात ठरून गेलं. ती पडायची नव्हती. दहाव्या वर्षी खड्ड्यात लवंगतेलाचा बोळा, अकरावीत चांदी (म्हणायची चांदी, आत पारा कालवलेला), चौतिसाव्या वर्षी रूट कॅनल. ठणका थांबला आणि वरची कॅप बसवायची राहून गेली. मुलाची फी होती, बदली होती. खरं म्हणजे दुखत नव्हतं. नस काढलेली दाढ कॅपशिवाय राहिली तर कधीतरी चिरते, हे मला सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती.

चिरली ती बावन्नाव्या वर्षी, कडक भाकरीवर.

कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे, हे सोलापूरबाहेर दर वेळी सांगावं लागतं. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, वर तीळ दाबायचे आणि भाजून मंद आचेवर पार पाणी आटेपर्यंत वाळवायची. महिना महिना टिकते. सोबत उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाची चटणी आणि दही. तिची निम्मी चव कानात असते. दाढेखाली मोडताना आवाज जबड्याच्या हाडातून थेट आत जातो. आम्ही भावंडं तो ऐकायला मुद्दाम कान झाकून खायचो. आजोबांना दात नव्हते. ते तीच भाकरी आमटीत मोडून घालत आणि भिजायची वाट बघत बसत. आम्हाला त्यांची कीव यायची.

दाढ काढली त्या दिवशी अर्धा ओठ शेजारणीचा असावा तसा लोंबत होता. गॉजचा बोळा चावून धरायचा, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली तर आतलं हाड उघडं पडतं. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. आइस्क्रीम पहिल्या दिवशी चैन, तिसऱ्या दिवशी शिक्षा. मग मऊ भात, मुगाची खिचडी, आणि आमटीत भिजवलेली भाकरी. वाट बघत बसले होते, अगदी आजोबांसारखी.

हाड भरल्यावर टायटॅनियमचा स्क्रू बसवला आणि तो एकजीव होईपर्यंत आणखी चार महिने थांबले. हाड टायटॅनियमला असं धरून ठेवतं, हे ब्रानेमार्क या स्वीडिश डॉक्टरांच्या लक्षात आलं ते सशाच्या हाडावर प्रयोग करताना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. माझ्या जबड्यात त्या सशाचंही थोडं देणं आहे.

नवी दाढ बसली. ‘आता काहीही खा,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि मला खाता येईना. दुखत काहीच नव्हतं, पण जीभ प्रत्येक घास उजवीकडे ढकलायची. किल्ली हातात असूनही बंद खोलीकडे कुणी फिरकू नये, तसं. आईनं भाच्याबरोबर हुतात्मा एक्स्प्रेसनं भाकरीचा डबा पुण्याला पाठवला, तो मी महिनाभर उघडला नाही.

‘माझी अख्खी बत्तिशी रात्री डबीत झोपती, आणि तुला एका दाढेचं एवढं भ्या?’ ऐंशी वर्षांची आई फोनवर म्हणाली.

भीती गेली ती मला न विचारताच. एकदा आईशीच फोनवर बोलताना हात डब्यात गेला. बोलता बोलता तिनं विचारलं, ‘कसला गं आवाज येतोय?’ मी थांबले. तुकडा डावीकडे होता.

आता वर्ष झालं. छत्तीस नंबर उत्तम चावते. पण खऱ्या दाढेच्या मुळाभोवती एक बारीक अस्तर असतं, दाताखाली आलेला केससुद्धा ते ओळखतं. नव्या दाढेला ते नाही. ती थेट हाडात रुतलेली. आवाज येतो, जोर लागतो, घासात काय आहे ते मात्र तिला नीट कळत नाही. परवा भाकरीत कच लागली, ती उजवीकडे गेल्यावर समजली.

सोलापूरहून मालदांडी ज्वारी येते. दळायला टाकण्याआधी हल्ली मी ती दोनदा निवडते.