जमिनीवरील संस्कार

पिकांचा फेरपालट करावा, हें शहाणपण आपल्याकडे फार जुनें आहे. परंतु त्याचें कारण विचारल्यास 'जमीन थकते' एवढेंच उत्तर मिळतें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. जमीन थकते, तशी ती लक्षांतही ठेवते. मनुष्याच्या मनावर संस्कार उरतात, त्याप्रमाणें गेल्या पिकाचे संस्कार मातींत उरतात. आणि त्यांचें बरेंवाईट फळ पुढील पिकास भोगावें लागतें.

हे संस्कार जपणारे कोण? डोळ्यांस न दिसणारे जंतु आणि बुरशा. झाड सूर्यप्रकाशांत जी साखर तयार करतें, तिचा कांहीं अंश तें मुळांवाटे मातींत सोडतें. त्या अन्नावर मुळांभोंवतीं जंतूंची वसाहत वाढते. प्रत्येक जातीच्या झाडाचें अन्नछत्र निराळें, म्हणून आश्रितही निराळे. अशा रीतीनें झाड माती घडवितें, आणि ती माती पुढचें झाड घडविते.

हा संबंध हिताचा असतो, याचें उदाहरण आपल्या कोरडवाहू रानांतच आहे. हुलग्याचें किंवा मटकीचें रोप हलकेच उपटून पाहावें. मुळांवर बारीक गांठी दिसतील. कार्यरत गांठ चिरली, तर आंतून गुलाबी असते. तींतील जंतु हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात व मोबदल्यांत साखर घेतात. हेल्रीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं इ. स. १८८६ मध्यें हें प्रयोगांनीं सिद्ध केल्याचें जाहीर केलें. जेथें एखादें कडधान्य पूर्वीं कधींच झालें नाहीं, तेथें त्याचे जंतु मातींत नसण्याचा संभव असतो. म्हणून त्यांचें संवर्धन गुळाच्या पाण्यांत कालवून बियाण्यास चोळतात.

परंतु आश्रितांत घरभेदेही असतात. घोड नदीकांठच्या आमच्या सामाईक शेतांत एकाच तुकड्यांत लागोपाठ तीन वर्षें तूर झाली. पहिल्या वर्षीं पीक उत्तम आलें. तिसऱ्या वर्षीं फुलोऱ्याच्या सुमारास झाडें उभींच वाळलीं. खोड उभें चिरलें, तों आंत काळपट रेघा. हा मर रोग. त्याच्या बुरशीचें वर्णन बटलर यांनीं इ. स. १९१० सालीं केलें आहे. ती वाळल्या मुळांच्या अवशेषांवर मातींत कित्येक वर्षें तग धरते; पुन्हा तूर पेरली, कीं तिला यजमान मिळालाच!

पुतण्या म्हणाला, "काका, जमीन मेली आहे. विकून टाकूं." घरांत दोन तट पडले. मीं एवढेंच सांगितलें, "मेली नाहीं, तिला एकच धडा तीन वेळां घोकविला आहे. आतां दुसरा द्या." ज्वारीच्या फेरपालटानें व मिश्र पिकानें हा रोग पुष्कळ कमी होतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. म्हणून तेथें दोन वर्षें ज्वारी केली, आणि मग बदनापूरच्या केंद्रांत निघालेली 'बीएसएमआर ७३६' ही मर सोसणारी तूर पेरली. ती शेंगांवर आली, तेव्हां विक्रीचा विषय आपोआप मिटला.

आपल्या वाटणीपत्रांत क्षेत्र आणि चतुःसीमा काटेकोर लिहितात. त्या भूमीनें कोणतें पीक केव्हां पाहिलें, हें मात्र कोणी लिहीत नाहीं. प्रत्येक कुटुंबानें तुकड्यावार अशी एक वही ठेवावी. मुलांच्या हातीं जमीन देतांना तिची आठवणही द्यावी. त्यावांचून तो वारसा अपुराच होय.