टाकी पाठीवर की कुशीला?

गेल्या महिन्यात एक जण फिटनेस सर्टिफिकेटसाठी आला. लहानपणापासूनचा माझा पेशंट, वय आता अडतीस. पहिली डुबकी त्याने तारकर्लीला मारली. आता इजिप्तमध्ये दहाबला जाऊन ४० मीटर खोल उतरतो. दोन वर्षांपूर्वी कमरेतली गादी सरकली होती.

मी म्हणालो, "पाठीवर दोन स्टीलच्या टाक्या म्हणजे चाळीसएक किलो वजन. कमरेला झेपेल का?"

"काका, म्हणून तर मांडणी बदलतोय," म्हणत त्याने कागदावर चित्र काढलं.

नेहमीच्या पद्धतीत पाठीवरच्या दोन टाक्या नळीने जोडलेल्या असतात. एका बाजूचा रेग्युलेटर बिघडला तर तो व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही टाक्यांतली हवा वापरता येते. साइडमाउंटमध्ये दोन स्वतंत्र टाक्या दोन्ही कुशींना असतात. त्या पाण्यात उतरल्यावर एकेक करून अडकवता येतात, त्यामुळे कमरेवर ताण कमी येतो. याची मांडणी तिसरीच होती: एक टाकी पाठीवर, एक डाव्या कुशीला आणि तिच्याच शेजारी ५० टक्के ऑक्सिजनची टाकी.

कमरेचा मुद्दा मला पटला. पण त्या दोन शेजारच्या टाक्यांवर माझं बोट थांबलं.

वर येताना शरीरातला नायट्रोजन लवकर बाहेर पडावा म्हणून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरतात. पण ते साधारण २१ मीटरच्या वरच. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ४० मीटरवर तो पाचपट होतो आणि तिथे हेच मिश्रण ओढलं तर फिट येऊ शकते. फिट आली की तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो.

मला माझी रेसिडेन्सी आठवली. वॉर्डातला इमर्जन्सी ट्रे मी हौसेने "सोयीचा" लावला होता. रात्री पेशंट कोसळला, आणि सिस्टरांचा हात अ‍ॅड्रिनॅलिनच्या जुन्या जागी गेला. तिथे दुसरंच अँप्यूल होतं. त्यांनी लेबल वाचलं म्हणून निभावलं. माझी मांडणी चूक नव्हती, पण ती फक्त मलाच माहीत होती.

हे त्याला सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "माझ्या जोडीदाराने ही मांडणी अजून पाहिलेली नाही."

सर्टिफिकेटवर सही मी केलेली नाही. आधी ऑर्थोपेडिक सर्जनचं मत घ्यायचं. मग उथळ पाण्यात जोडीदारासोबत सराव करायचा. टाकीवर खोलीची मर्यादा मोठ्या आकड्यात लिहायची, आणि गॅस बदलताना टाकीपासून तोंडापर्यंत नळी हाताने चाचपायची, जोडीदाराने पाहिल्यावरच श्वास घ्यायचा.

तुम्ही सुट्टीत एकाच टाकीने डुबकी मारणार असाल तरी दोन गोष्टी करा. दमा, फिट्स, कानाचा किंवा फुफ्फुसाचा आजार फॉर्मवर लपवू नका. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी इन्स्ट्रक्टरला विचारा, "जादाचा रेग्युलेटर कुठे आहे?" नुसतं ऐकू नका, एकदा हात लावून बघा.