शेवळाची खाज

माझ्या हातची पहिली भाजी घरात कोणालाच गिळता आली नाही. मी तेव्हा आठवीत होते. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि आई भाताच्या पेऱ्यासाठी शेतावर गेली होती. आजीने पहाटे रानातून आणलेली शेवळं चुलीपाशी पडलेली दिसली. आईला ती करताना मी किती वेळा पाहिले होते! वरचे जांभळट आवरण सोलले, चिरले, कांद्यावर परतले. दुपारी बाबांनी पहिला घास घेतला आणि लगेच तांब्या तोंडाला लावला. आजीने घास थुंकून विचारले, "काकडं कुठं हायती गं?"

काकडं मी घातलीच नव्हती. आतल्या दांड्यावरचा पिवळा भागही काढून टाकला नव्हता. रात्रीपर्यंत साऱ्यांच्या घशात काटे रुतल्यासारखे होत होते. मी रडायला लागले, तेव्हा आजी म्हणाली, "खाज हाय म्हनून तं ते रानात टिकलंय. ते काय तुझ्यासाठी उगवलंय?"

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या वाचकांना शेवळ सांगायला नको. इतरांसाठी थोडे लिहिते. शेवळ हे सुरणाच्या जातकुळीतले. जमिनीत कंद असतो. पावसाच्या तोंडावर आधी फुलाचा कोंब वर येतो, पान मागाहून. काकड हे मोठे रानझाड, त्याची हिरवी फळे आवळ्यासारखी आंबट. त्यांचा रस भाजीत पडला की घसा खाजत नाही. म्हणून बाजारात शेवळांच्या वाट्यावर चार काकडं ठेवूनच देतात.

मी कॉलेजात आले. आमच्या घरातले हे पहिलेच कॉलेज. पहिल्या वर्षी पर्यावरणाच्या तासाला सरांनी विचारले, "जनावर धोका दिसला की पळते. झाडाने काय करायचे?" कोणी काटे म्हणाले, कोणी चीक म्हणाले. माझ्या ओठांवर शेवळ आले होते, पण मी गप्प बसले. कारण त्याच सकाळी एस.टी. स्टँडबाहेर आजी टोपली घेऊन बसली होती, आणि मैत्रिणींबरोबर जाताना मी मान दुसरीकडे वळवली होती. शेवळाचे नाव काढले, तर ती म्हातारी माझी कोण हेही कळेल, असे उगीचच वाटले.

त्या आठवड्यात ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राचे एक पुस्तक काढले. (कला शाखेची मुलगी हे पुस्तक कशाला नेते, म्हणून ग्रंथपालांनी दोनदा पाहिले.) त्यात कळले की सुरण-अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक जुड्यांनी भरलेले असतात. चावले की त्या सुया जिभेत, घशात घुसतात. म्हणजे माझ्या घशात काटे रुतले होते ते अगदी खरेच!

मग गावाकडे जाताना मी दोन्ही बाजूंना पाहू लागले. बाभळीला काटे, कुंपणाच्या शेराला डोळे जाळणारा चीक, खाजकुइलीच्या शेंगेवर लव. गवताची तऱ्हा निराळी. त्याचा वाढीचा कोंब अगदी जमिनीलगत, म्हणून गुरांनी वरून कुरतडले तरी ते पुन्हा फुटते. सगळीच झाडे विषारी का होत नाहीत, याचेही उत्तर मिळाले. विष बनवायला अन्न खर्ची पडते, आणि तेवढी वाढ कमी होते. शेवटी झाडालाही आमच्या घरासारखा जमाखर्च सांभाळावा लागतो.

पण कितीही बंदोबस्त केला तरी कोणीतरी वाट काढतेच. रुईला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, पण तिच्याच पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी निवांत चरते. ती रुईचे विष अंगात साठवते. तिचे तांबडे फुलपाखरू झाले की पक्षी त्याला टाळतात. 1964 साली एर्लिक आणि रेव्हन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी फुलपाखरे आणि वनस्पती यांच्या अशाच चढाओढीवर लेख लिहिला. झाडाने नवे विष काढायचे, किड्याने त्यावर तोड काढायची, आणि यातूनच दोघांच्या नव्या जाती होत जायच्या. आमच्याकडचे ठाकूर-कातकरी कडू करांद्याच्या चकत्या राखेत उकडून वाहत्या ओहोळात ठेवतात आणि मग खातात. तीही तोडच. आजीची काकडं तीच. अळीला जे करायला पिढ्यांवर पिढ्या लागल्या, ते माणसाने चुलीपाशी केले, आणि बहुधा बाईमाणसानेच.

आमच्या गायरानात मात्र या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. गुरे गोड तेवढे खातात, कडू ते राहते. शोभेसाठी परदेशातून आणलेली घाणेरी आता सगळीकडे माजली आहे. ती खाल्ली तर गुरांना कावीळ होते, म्हणून गुरे तिला टाळतात आणि तिच्या शेजारचे गवत संपवतात. म्हणजे घाणेरीला जागा आपलीच गुरे करून देतात. ओढ्याकाठची आजीची शेवळांची जागा त्या जाळीत गेली. आता तिला दोन टेकड्या ओलांडाव्या लागतात. तरी ती कंद उकरत नाही, आणि एका जागचे सगळे कोंबही खुडत नाही. "पुढल्या साली काय खाशील?" एवढेच म्हणते.

यंदा जूनमध्ये मी तिच्याशेजारी जाऊन बसले. पाऊस भुरभुरत होता. आमच्या वर्गातल्या दोघीजणी समोरून गेल्या, थांबल्या, हसल्या, मीही हसले. छाती धडधडत होती, ते कबूल करते. मग इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई आल्या. शेवळं उलटसुलट करून पाहत त्यांनी विचारले, "आणि ही हिरवी फळं कशाला?"

आजी तोंड उघडणार, तेवढ्यात मीच सांगू लागले. सुया सांगितल्या, पिवळा भाग सांगितला, आठवीतली फजितीही सांगितली. बाईंनी दोन वाटे घेतले. आजीने त्यांच्या पिशवीत मूठभर काकडं जास्त टाकली आणि मला म्हणाली, "बोलतीस चांगली. आता पैशे मोज."