मोकळ्या भूखंडावरील पांढरी फुले

नाशिक फाट्याहून चाकणकडे निघालेला प्रवासी भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडतो. दुतर्फा कारखाने, गोदामे आणि मधूनमधून तारेचे कुंपण घातलेले मोकळे भूखंड. चातुर्मासात हे भूखंड बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात. दुरून ताटवा वाटतो. जवळ जाता कळते, ते गाजर गवत आहे.

नावात गवत असले तरी ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील, वर्षभराच्या आत आयुष्य संपविणारी आहे. तिचे मूळ अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशात. भारतातील तिची नोंद पुण्याची. ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. आयात गव्हाबरोबर बी आले, असे मानले जाते. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. पुढे उद्योग आणि तण एकाच वाटेने पसरले. पायासाठी उकरलेली माती, मुरमाचे ढीग, मालमोटारींच्या चाकांचा चिखल. जमीन जेथे उघडी पडते, तेथे हे बी आधी रुजते. एका मोठ्या झाडास हजारो बिया येतात आणि कुंपण त्यांना अडवू शकत नाही. पलीकडे कांद्या-बटाट्याची शेते आहेत. हे तण जनावराने खाल्ले तर दूध कडवट होते. वारंवार स्पर्श झाल्यास अंगावर पुरळ उठते, परागकणांनी दम्याचा त्रास बळावतो.

यांतील अनेक भूखंड भाव वाढेपर्यंत राखून ठेवलेले असतात. परिग्रहाच्या गणनेत क्षेत्राचे नाव पहिले येते, ते उगीच नव्हे. मालक शहरात निश्चिंत असतो आणि त्याच्या जमिनीचे बी शेजाऱ्याच्या शेतात पडत असते. वनस्पतीतही जीव आहे, म्हणून ती उपटताना श्रावकाचा हात कचरतो. हा संकोच आदरणीय आहे. परंतु आज फुलण्यापूर्वी जे थोडे काढले नाही, त्यासाठी पुढील वर्षी विषारी फवारणी होते आणि तीत असंख्य सूक्ष्म जीव जातात. येथे हात आखडणे ही अहिंसा नसून प्रमाद ठरतो.

यतनेचा मार्ग साधा आहे. पावसाच्या आरंभी, फुले येण्याआधी, ओल्या जमिनीतून रोपे मुळासकट काढावीत. काढणाऱ्या मजुरास हातमोजे द्यावेत. नंतर तेथे टाकळा दाट वाढू द्यावा. त्याच्या गर्दीत गाजर गवतास वाव राहत नाही. जमीन सांभाळणे म्हणजे केवळ सात-बारा सांभाळणे नव्हे.