सोन्याचं पाणी दिलेले रुपये

सासूबाईंच्या कपाटात लक्ष्मीपूजनाचा एक डबा होता. त्यात पिवळेधमक रुपये. घरात सगळे त्यांना ‘मोहरा’ म्हणत. सासूबाई गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. नणंद म्हणाली, “वहिनी, आधी किंमत तरी कळू दे.” आम्ही बदलापूरला राहतो; किंमत काढायचं काम माझ्याकडे आलं.

मोहरा नव्हत्याच त्या. ब्रिटिशांच्या काळातले चांदीचे रुपये होते, वर सोन्याचं पाणी दिलेलं. दोन रुपयांना तर झाळलेली कडीही होती, कधीतरी माळेत ओवलेले असणार.

बदलापूरच्या एका दुकानात ते टंच, म्हणजे शुद्धता, मोजणाऱ्या मशीनवर ठेवले. एकाच नाण्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे आकडे आले. दुकानदार म्हणाला, “मिक्स माल आहे,” आणि सगळ्यांना सरसकट निम्म्या चांदीचा भाव सांगितला. मी डबा घेऊन परत आले. हे मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा असला की आतल्या चांदीचा टंच त्यावर नीट कळत नाही, हे मला नंतर समजलं. आणखी एका दुकानात कानशीने घासून बघू म्हणाले. मला ते बरं वाटलं नाही.

खरी मदत झाली अंबरनाथच्या काकांची. ते आयुध निर्माणीतून निवृत्त झालेत. त्यांनी आधी चष्मा लावून प्रत्येक नाण्यावरचं सन वाचलं. रुपयाचं मूळ वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांच्या रुपयात चांदी 91.7 टक्के. 1940 पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात ती निम्म्यावर आणली. 1947 चे रुपये तर निकेलचे, त्यात चांदी नाहीच. म्हणजे 1919 च्या रुपयात साधारण 10.7 ग्रॅम चांदी आणि 1944 च्या रुपयात 5.8. वरून दोन्ही सारखेच पिवळे!

मग काकांनी पाण्याने भरलेला ग्लास छोट्या डिजिटल काट्यावर ठेवला आणि काटा शून्यावर आणला. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं, पण तळाला टेकू दिलं नाही. काट्यावर येतो तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. नाण्याच्या वजनाला त्याने भागायचं. जुन्या रुपयाचं उत्तर 10.3 च्या आसपास येतं, 1940 नंतरच्याचं साडेनऊच्या जवळ. कडी असली की थोडा फरक पडतो. 1862 सन असलेल्या आमच्या एका ‘राणी छाप’ रुपयाचं उत्तर आलं साडेआठ. वजनही दहा ग्रॅमच्या आत. तो पितळेचा निघाला. चुंबकाने काही कळलं नसतं, कारण पितळ चिकटत नाही आणि चांदीही नाही. सासूबाई सगळ्यांत जास्त जपत होत्या तोच खोटा निघाला, याचं मला उगाच वाईट वाटलं.

वरच्या सोन्याचं काय, हा नणंदेचा प्रश्न. काकांनी कागदावर हिशेब केला. थर पाव मायक्रॉनचा धरला तर एका रुपयावर सोनं जेमतेम आठ मिलिग्राम. ते काढायचा खर्चच जास्त.

शेवटी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका वयस्कर सिंधी सराफाकडे गेले. उल्हासनगरच्या मालावर लोक विनोद करतात, पण सरळ बोलणारा माणूस मला तिथेच भेटला. “भाभी, पानी मत उतरवाओ,” ते म्हणाले. ॲसिडने चेहरा आणखी झिजतो आणि मूळ झळाळी काही परत येत नाही. नाणी जमवणारे मुलामा दिलेल्या किंवा कडी लावलेल्या नाण्याला जादा पैसे सहसा देत नाहीत, त्यामुळे चांदीचाच भाव धरा, असं त्यांचं मत. फक्त 1911 आणि 1939 चा रुपया सापडला तर मोडीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा, म्हणाले. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती आणि तो मागे घेतला गेला. 1939 चा फारच दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही निघतात. आमच्या डब्यात दोन्ही नव्हते.

कडीवाले दोन्ही रुपये आम्ही त्यांनाच विकले, बाकीचे वाटून घेतले. असे रुपये विकायचे असतील तर सगळे एकत्र तोलू देऊ नका. प्रत्येक नाण्याचं सन, वजन आणि धरलेला टंच लिहिलेलं पक्कं बिल मागा.