दुसरी किल्ली

रायपूरच्या तात्यापारात आमच्या घरी मराठी पुस्तकांची तीन कपाटं आहेत. बाबांनी बँकेच्या पगारातून ती हळूहळू भरली. वाचायचं मात्र 'रिटायर झाल्यावर'. रिटायर झाले आणि पाचच वर्षांत दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला. पानाच्या कडा दिसतात. जे अक्षर पाहायला जावं, नेमका तिथेच डाग. चष्मा बदलून उपयोग नाही.

तेव्हा 'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकन मालिकेतला 'टाइम इनफ ॲट लास्ट' हा भाग मी त्यांच्याजवळ बसून लावायला नको होता. रॉड सर्लिंगनं लिन व्हेनेबलच्या कथेवरून लिहिलेला, २० नोव्हेंबर १९५९ला प्रथम दाखवलेला. हेन्री बेमिस बँकेत कॅशियर. साहेब वाचू देत नाही, बायको कवितांच्या पुस्तकातल्या ओळी खोडून ठेवते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो तिजोरीच्या खोलीत शिरून वाचतो, आणि तेवढ्यात बाँब पडतो. बाहेर येतो तर शहर बेचिराख, माणूस एकही नाही. वाचनालयाच्या पायऱ्यांवर तो पुस्तकांचे ढीग रचतो: हा या महिन्याचा, हा पुढच्या. मग चष्मा पडून फुटतो.

बाबा ऐकत होते, मी मराठीत सांगत होते. शेवटाला मी अडखळले, पण त्यांनी विचारलंच. सांगितल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. दोघांकडे एकेक. हा एकटा आत गेलाच कसा?"

मी हसले. रात्री मात्र आठवत बसले, बाबांना मी आजवर काय वाचून दाखवलं? औषधांची नावं, विजेचं बिल.

आता रात्री मी वाचते, दुपारी माझी मुलगी. तिची शाळा हिंदी-इंग्रजीतली. मराठी म्हणजे घर आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातला गणेशोत्सव. लिपी तीच, म्हणून वाचता येतं, कळतं निम्मंच. कपाटातून तिनं 'यक्षांची देणगी' काढलं आणि मुखपृष्ठावरच अडली: 'जयंत नारलीकर'.

"ळ," बाबा म्हणाले. "जीभ मागे ने."

"आजोबा, गोष्ट सांगू की नाव?"

"आधी नाव."

नारळीकर जमलं. 'काळ'चा अजून 'काल' होतो. बाबा दर वेळी थांबवतात, त्यामुळे पुस्तक फार सावकाश पुढे सरकतंय.