अब्बांची वही

माझे अब्बा बोअरवेलच्या गाडीवर मिस्त्री होते. जमिनीत भोक पाडण्याचे काम इतर लोक करीत. गाडी बंद पडू न देणे हे अब्बांचे काम होते.

मुलांनो, बोअरवेलची गाडी तुम्ही पाहिली असेल. खरे म्हणजे त्या दोन गाड्या असतात. एकीवर उंच लोखंडी मनोरा असतो, दुसरीवर मोठा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा पोकळ रॉडमधून खाली जाते आणि टोकाचा हॅमर दगडावर भराभर घाव घालतो. त्याच हवेने दगडाचा भुगा वर फेकला जातो. आमच्या गाडीचा एकेक रॉड 20 फूट लांब होता. भोक खोल जाईल तसा एका रॉडला दुसरा रॉड आट्यांनी जोडत जायचे.

या कामात धूळ फार. हवेची जाळी धुळीने भरली की इंजिन तापते. हॅमरला तेल कमी पडले की तो आतून झिजतो. आट्यांना ग्रीस लावले नाही तर तेही झिजतात. म्हणून अब्बा रोज सकाळी सगळे तपासत आणि एका वहीत लिहून ठेवत. इंजिन किती तास चालले, तेल कधी बदलले, कोणता रॉड खराब झाला, हे सारे त्या वहीत असे. ती वही ते उर्दूत लिहीत. त्यांना तेवढीच लिपी येत होती.

2003 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. नागपूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. धरमपेठेत, ट्रॅफिक पार्कच्या मागच्या बाजूला, एका वाड्यात बोअर खोदायचे होते. वाड्यातली विहीर आटली होती आणि पाच बिऱ्हाडे टँकरच्या पाण्यावर दिवस काढीत होती. नागपूरच्या पश्चिम भागात जमिनीखाली काळा कठीण दगड आहे. त्यामुळे काम दोन पाळ्यांत चालले होते.

संध्याकाळी अब्बांना ताप भरला. रात्रीच्या पाळीचे लोक अजून आले नव्हते. अब्बांनी वहीत लिहिले, "चार नंबरच्या रॉडचे आटे झिजले आहेत. तो लावू नये." वही गाडीच्या केबिनमध्ये ठेवून ते घरी आले.

रात्रीच्या पाळीला दोघे होते. गाडी चालवणारे अण्णा तमिळनाडूतले होते. तिथल्या तिरुचेंगोडे गावात अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि माणसांसह भारतभर जातात. दुसरे, भंडाऱ्याकडचे मदतनीस दादा. अण्णांना तमिळ वाचता येई, दादांना मराठी. उर्दू दोघांनाही येत नव्हती. त्यांनी वही पाहिली आणि बाजूला ठेवली.

सकाळी मी अब्बांबरोबर तेथे गेलो, तेव्हा गाडीचा आवाज बंद होता. 180 फुटांवर काम थांबले होते. खाली नऊ रॉड सोडले होते. वर तीनच आले. सहा रॉड आणि हॅमर भोकातच राहिले. तिसऱ्या रॉडचे खालचे टोक तुटले होते. अब्बांनी त्यावरची माती हाताने पुसली. नंबर होता चार.

दोन दिवस खटपट केली, पण अडकलेले रॉड निघाले नाहीत. शेवटी ते भोक सोडून द्यावे लागले आणि थोड्या अंतरावर दुसरे घ्यावे लागले. वाड्यातल्या आजी रिकामी बादली घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यामुळे अब्बांना जास्तच वाईट वाटले. मालकाने नुकसानीपोटी तीन महिने त्यांचा पगार कापला. त्या वर्षी मी जुन्या पुस्तकांवर शिकलो.

अम्मी रागावून म्हणाली, "तुम्ही तर लिहून ठेवले होते! मग दोष तुमचा कसा?"

अब्बा म्हणाले, "ज्याला वाचायचे होते, त्याला वाचता आले नाही. मग मी लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच."

मग ते माझ्याकडे वळले. "बेटा, शाळेत मराठी शिकतोस ना? उद्यापासून ही वही तू लिही."

मी लिहू लागलो. पहिल्याच दिवशी मी 'आठे झिजले' असे लिहिले. दादा हसून म्हणाले, "अरे, आठे नाही, आटे!" ग्रीस, जाळी, पट्टा, नळी असे शब्द मी पुस्तकातून नव्हे, त्या गाडीजवळ उभा राहून शिकलो. अण्णांसाठी अब्बांनी दुसरी युक्ती काढली. खराब रॉडवर ते लाल रंगाची मोठी फुली मारत. फुलीला भाषा लागत नाही. त्यानंतर अब्बा त्या गाडीवर होते तोवर एकही रॉड भोकात राहिला नाही.

आज मी शिक्षक आहे. "सर, आपल्याला मराठी कशाला?" असे एखादा विद्यार्थी विचारतो, तेव्हा मी त्याला ती वही दाखवतो. तिची पहिली पाने उर्दूत आहेत, पुढची मराठीत. मधल्या एका पानावर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. तो अब्बांचा आहे.